खानदेशातल्या घरात प्रवाळांची मोठी टाकी: उभारणी आणि निगा

प्रवाळांची टाकी म्हणजे खाऱ्या पाण्याची देखणी पेटी, एवढाच समज करून घेतला तर खानदेशात ती पहिल्याच वैशाखात हातची जाते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, धुळ्याकडे थंडीच्या रात्री तो एक आकडी होतो, आणि प्रवाळाला मात्र बाराही महिने २५ ते २७ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. त्यात बोअरचे पाणी जड, नळाचे पाणी दोन-चार दिवसांआड आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून या लेखाचा क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलट आहे. आधी उष्णता, वीज आणि पाणी यांची व्यवस्था लावायची, आणि जिवंत प्राणी सर्वांत शेवटी आणायचे.

पुढचे सर्व आकडे ५ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच अशा टाकीसाठी आहेत. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून आणि खालच्या सम्पमधले (गाळणी आणि पंप असलेल्या जोडटाकीतले) पाणी मिळवून या मांडणीतले पाणी हिशेबासाठी ५०० लिटर धरणे सोयीचे पडते. लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. पाणी जितके जास्त, तितके त्याचे तापमान आणि क्षार हळू बदलतात, आणि आपल्या हवामानात तो सावकाशपणाच कामी येतो.

आधी कायदा

प्रवाळभित्ती बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. संरक्षण केवळ जिवंत प्राण्याला नाही. मृत प्रवाळाचा सुका दगडही त्यात येतो, त्यामुळे 'लाइव्ह रॉक' किंवा 'कोरल स्टोन' या नावाने समुद्रातून काढलेला माल विकत घेऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार साइट्स (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराच्या यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यालाही त्यांची नोंदणी करावी लागते. एखादा विक्रेता कागदपत्रांविना ब्रेन कोरल किंवा अ‍ॅक्रोपोरा असे दगडी प्रवाळ देऊ करत असेल, तर ते घेऊ नये.

मग उरते काय, असा प्रश्न पडेल. मशरूम प्रवाळ, झोअँथिड, सार्कोफायटनसारखे चामडी प्रवाळ आणि झेनिया यांची टाकी डोळ्यांचे पारणे फेडते. हे मऊ प्रवाळ थोडी चूक सहन करतात आणि कापून वाढवता येतात. खानदेशातल्या पहिल्या टाकीला, कायदा बाजूला ठेवला तरी, माझ्या मते हेच योग्य आहेत. अर्थात तेही घरी वाढवलेल्या वसाहतीचे तुकडे असावेत आणि त्यांचे बिल जपून ठेवावे.

जागा, वजन आणि काच

पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड आणि सम्प मिळून वजन ८०० ते ९०० किलो होते आणि ते सुमारे १० चौरस फुटांवर पडते. घरांच्या स्लॅबची रचना साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर इतका वापरभार धरून केलेली असते. त्यामुळे टाकी तळमजल्यावर ठेवणे उत्तम. वरच्या मजल्यावरच ठेवायची असेल तर तुळईजवळ, तुळयांना आडवी आणि अभियंत्याला दाखवून ठेवावी. जुन्या धाब्याच्या घराच्या माडीवर ती कदापि ठेवू नये. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून खोली उत्तर किंवा पूर्व बाजूची निवडावी आणि टाकीवर थेट ऊन पडणार नाही असे पाहावे.

काच किमान १२ मिलिमीटरची असावी आणि वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्यांचा आधार द्यावा. पट्ट्या नको असतील तर १५ मिलिमीटरची काच घ्यावी. सिलिकॉन बुरशीरोधक रसायन नसलेला घ्यावा आणि तो सुकायला पूर्ण आठवडा द्यावा. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा केला तर त्याला इपॉक्सी रंग हवाच, कारण खाऱ्या तुषारांपुढे साधा रंग टिकत नाही. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये थर्माकोलचा सपाट थर घालून आधी गोड्या पाण्याने भरून काही दिवस गळती तपासावी.

टाकीचे पाणी वरच्या ओव्हरफ्लोतून खालच्या सम्पमध्ये पडते, तिथे कापडी पिशवीतून आणि प्रोटीन स्किमरमधून (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्रातून) जाते आणि पंपाने परत वर येते. जळगाव ठिबक आणि पीव्हीसी पाइपचे गाव असल्याने व्हॉल्व्ह, युनियन आणि जोड हवे त्या मापाचे मिळतात. ही एक सोय मोठ्या शहरांपेक्षाही आपल्याकडे अधिक आहे. उतरत्या पाण्यासाठी मुख्य पाइपाखेरीज एक रिकामा आपत्कालीन पाइप ठेवावा. वीज गेली की वरचे काही पाणी सम्पमध्ये उतरते, तेव्हा ते मावेल इतकी जागा सम्पमध्ये मोकळी ठेवावी आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत छोटे छिद्र पाडावे, म्हणजे सायफन तुटतो. टाकी बसवल्यावर मुद्दाम दहा वेळा मुख्य स्विच बंद करून हे तपासावे.

उष्णतेचा हिशेब

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात आणि तेच प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पुरवतात. पाणी काही काळ प्रमाणापेक्षा तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश अधिक, आणि तो काही आठवडे टिकला, तरी हे घडते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्रति लिटर, तर ३० अंशांना सुमारे ६.२.

थंडावा देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला पंख्याचा. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडला की बाष्पीभवन होते आणि १ लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेते. ५०० लिटर पाणी एका अंशाने उतरवायला सुमारे २१०० किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे १ लिटरपेक्षा थोडे कमी पाणी उडवावे लागते. आपला चैत्र-वैशाख कोरडा असल्याने हा उपाय कोकणापेक्षा खानदेशात फार चांगला चालतो. मात्र त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावला तर हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा परिणाम घटतो. कूलरने माणसाला बरे वाटते आणि टाकीचे पाणी मात्र उतरत नाही. जुलैपासून हवा ओलसर झाली की पंख्यावर विसंबता येत नाही.

दुसरा मार्ग चिलरचा. ५०० लिटरला पाव ते तृतीयांश अश्वशक्तीचा चिलर सांगितला जातो, पण ती क्षमता बहुधा ३५ अंशांच्या आसपासची हवा धरून मोजलेली असते. ४३ अंशांच्या हवेत तो दमतो. बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो, म्हणून त्याची जागा सावलीच्या पडवीत किंवा खिडकीबाहेर असावी.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे टाकीची खोलीच इन्व्हर्टर एसीने २६-२७ अंशांना ठेवणे, खिडक्यांना जाड पडदे लावणे, वर उघडा स्लॅब असेल तर त्यावर पांढरा परावर्तक लेप देणे, आणि पंखा जोडीला राखणे. विजेचे बिल वाढते हे खरे. ते परवडणार नसेल तर मोठी टाकी न करणेच शहाणपणाचे आहे. सारी यंत्रणा आखाजीच्या निदान महिनाभर आधी पूर्ण भाराने चालवून पाहावी, कारण घर पाहुण्यांनी भरलेले असताना आणि मेकॅनिक मिळत नसताना बिघाड उघड होणे परवडत नाही.

तापमान नियंत्रक दोन टप्प्यांचा घ्यावा: २६.५ अंशांना पंखा किंवा चिलर चालू, २५ अंशांना हीटर चालू. हीटर खानदेशात कशाला, असे वाटेल, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो लागतोच. एक मोठा हीटर घेण्यापेक्षा २०० वॅटचे दोन घ्यावेत, म्हणजे एक चालूच्या स्थितीत अडकला तरी पाणी उकळत नाही आणि एक बंद पडला तरी ते गारठत नाही. अडचणीच्या वेळेसाठी फ्रीझरमध्ये पाण्याच्या बंद बाटल्या ठेवाव्यात. १ लिटरच्या सुमारे पाच गोठलेल्या बाटल्या सम्पमध्ये सोडल्या तर ५०० लिटर पाणी एका अंशाने उतरते. त्या एकदम न टाकता एकेक सोडाव्यात.

वीज

लाइट गेल्यावर टाकी आधी उष्णतेने नव्हे, तर प्राणवायूअभावी मरते. म्हणून इन्व्हर्टरवर काय जोडायचे याचा क्रम ठरवून ठेवावा: पहिला पाणी हलवणारा पॉवरहेड, मग परतीचा पंप, मग पंखा. दिवे आणि चिलर त्यावर घेऊ नयेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून प्रत्यक्षात सुमारे १००० वॅट-तास मिळतात असे धरले, तर ६० वॅटचे डीसी पंप १५ तासांच्या वर चालतात. शिवाय बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप थोड्या पैशांच्या लोभापायी टाळू नये.

खारे पाणी आणि वीज यांच्यामध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये जात नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. एसी आणि चिलर यांना स्टॅबिलायझर हवा.

पाणी आणि मीठ

समुद्र आपल्यापासून दूर आहे याचे वाईट वाटून घेऊ नये. किनाऱ्याजवळचे पाणी तसेही बहुधा गढूळ आणि दूषित असते. पाणी घरीच तयार करावे. त्यासाठी गाळ फिल्टर, कार्बन, आरओ मेंब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार काढणारे डीआय रेझिन अशी मांडणी लागते आणि शेवटच्या नळीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण) शून्य असावा लागतो. स्वयंपाकघरातला प्युरिफायर चालत नाही. त्यात चवीसाठी काही कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात, आणि 'कॉपर' म्हणून विकले जाणारे प्युरिफायर पाण्यात तांबे सोडतात. माणसाला ते मानवत असेल, पण प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी यांना अल्प तांबेही विष आहे.

बोअरच्या जड पाण्यावर मेंब्रेन लवकर चोंदते आणि वाया जाणारे पाणीही अधिक असते. म्हणून शक्य तिथे नगरपालिकेचे पाणी वापरावे आणि वाया जाणारे पाणी फरशी, संडास यांसाठी साठवावे. नळाला पाणी येण्याचे दिवस लक्षात घेऊन २०० लिटरचे अन्नयोग्य प्लास्टिकचे दोन ड्रम ठेवावेत, एकात शुद्ध पाणी आणि दुसऱ्यात तयार खारे पाणी. ज्या ड्रममध्ये पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन होते तो कितीही धुतला तरी घेऊ नये.

मीठ रीफ टाकीसाठी बनवलेले कृत्रिम समुद्री मीठच हवे. १ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागते, म्हणजे पहिल्या भरणीला १८ ते १९ किलो. क्षारता (खारेपणा) ३५ भाग प्रति हजार, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ ठेवावे आणि ते रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजावे. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नव्हे, तर ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावा.

दगड, वाळू आणि पाणी मुरवणे

दगड कारखान्यात बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक किंवा कृत्रिम अ‍ॅरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा) घ्यावा. सिमेंटचा केला तर त्यातला चुना निघेपर्यंत तो कित्येक आठवडे बदलत्या पाण्यात भिजवावा लागतो. तापी-गिरणेची वाळू टाकीत घालू नये. ती बेसाल्टपासून बनलेली असल्याने तिच्यात लोहयुक्त काळे कण असतात आणि ते पंपाच्या चुंबकाला चिकटतात. जळगाव-सावद्याकडच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभर संग्राहकांकडे गेले आहेत आणि ते टाकीत ठेवण्याचा मोह होतो, पण खाऱ्या पाण्यात ते अमोनिया फारसा धरत नाहीत आणि सोबत काय आणतील याची खात्री नसते. ते शोकेसमध्येच शोभतात.

दगड थेट तळाच्या काचेवर पक्के बसवून मग सभोवती अ‍ॅरागोनाइटची वाळू पसरावी. मागे पाणी फिरायला जागा ठेवावी, भिंतीसारखी रास रचू नये.

आता जिवाणूंची वसाहत तयार व्हायला हवी. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. त्यांना खाद्य म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रतीचा नवसागर, ५०० लिटरला सुमारे ३ ग्रॅम घातला की अमोनिया २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास येतो. कल्हईचा नवसागर अशुद्ध असतो, तो नको. बाटलीतले जिवाणू घातले तरी चार ते सहा आठवडे धरावेत. तेवढा अमोनिया एका दिवसात शून्यावर आला आणि नायट्राइटही उरले नाही, की टाकी तयार झाली. त्यानंतर तपकिरी थर आणि मग केसांसारखे हिरवे शैवाल येईल. हा टप्पा प्रत्येक टाकीत येतो. औषधे ओतू नयेत, ट्रोकस गोगलगायी सोडाव्यात आणि दिवे कमी ठेवावेत.

प्रकाश, प्रवाह आणि प्राणी

एलईडी दिव्यांत ४२० ते ४६० नॅनोमीटरचा निळा भाग भरपूर हवा. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचे माप) पुरते. सुरुवात दिव्याच्या तिसऱ्या हिश्शाने करून काही आठवड्यांत वाढवावी. दिवसाला ८-९ तास पुरेत. उन्हाळ्यात दिव्यांची वेळ संध्याकाळ ते मध्यरात्र केली तर दुपारच्या उष्णतेत त्यांची भर पडत नाही, आणि घरची माणसेही त्याच वेळी टाकी पाहू शकतात. पॉवरहेड तासाला टाकीच्या दहा ते वीसपट पाणी हलवतील असे दोन घ्यावेत आणि समोरासमोर लावावेत.

प्राणी मागवण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात आलेला माल सकाळी स्टेशनवरून लगेच घ्यावा. दीर्घ प्रवास केलेली पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो आणि साठलेला अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणून बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, क्षारता आधीच तितकी करून ठेवलेल्या वेगळ्या टाकीत प्राणी लगेच हलवावेत, आणि पिशवीतले पाणी मुख्य टाकीत ओतू नये.

मासे निदान चार आठवडे विलगीकरणात ठेवावेत. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर सर्व मासे काढून ती सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते, कारण त्यावरचे तांबेयुक्त औषध प्रवाळांसोबत वापरता येत नाही. पहिले मासे म्हणून हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेल्या माशाची गरज नाही. एवढ्या टाकीत आठ-दहा लहान मासे पुष्कळ झाले.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चश्मा घालावा. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. झोअँथिड चिकटलेला दगड कधीही उकळू नये किंवा कोरडा घासू नये, कारण वाफेतून आणि तुषारांतून घरातल्या सर्वांना विषबाधा होऊ शकते. मुलांना हे आधीच समजावून सांगावे.

क्षारांची निगा

क्षारीयता (खारेपणा नव्हे, तर पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता; ती डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर, अशी श्रेणी धरावी. आकडा अचूक असण्यापेक्षा तो स्थिर असणे महत्त्वाचे आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये; मऊ प्रवाळ त्याने आक्रसतात. क्षारीयता घसरली तर खाण्याचा शुद्ध सोडा चालतो: ५०० लिटरला १५ ग्रॅम म्हणजे १ डीकेएच. एका दिवसात त्याहून अधिक वाढवू नये, आणि बेकिंग पावडर वापरू नये.

चुन्याची निवळी हा कॅल्शियम आणि क्षारीयता दोन्ही देणारा स्वस्त उपाय सर्वत्र सुचवला जातो आणि ती उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप घातली जाते. खानदेशात इथेच घात होतो. मे महिन्यात पंख्याखाली दिवसाला १० लिटर पाणी उडाले आणि ते सारे संपृक्त निवळीने भरले, तर क्षारीयता एका दिवसात दोन डीकेएचहून अधिक चढते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई फक्त शुद्ध पाण्याने, तरंगत्या व्हॉल्व्हने किंवा सेन्सरने करावी, आणि निवळी वेगळी, मोजून, रात्री थेंबथेंब द्यावी. भरपाईच चुकली तर १० लिटरमागे क्षारता ३५ वरून ३५.७ वर जाते.

दर पंधरवड्याला ५० लिटर पाणी बदलावे. नवे पाणी तापमानाने आणि क्षारतेने जुळलेले असावे. स्किमरचा पेला आणि कापडी पिशवी आठवड्यातून दोनदा धुवावी, पंप दोन-तीन महिन्यांनी सायट्रिक आम्लाच्या पाण्यात चालवून स्वच्छ करावेत. पंपातला चुना आपल्याकडे जमतोच.

हवेतून येणारे विष बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. स्किमर खोलीतली हवा सतत पाण्यात ओढतो. डासांची अगरबत्ती, स्प्रे आणि पावसाळ्यात गल्लीतून फिरणारे धुराचे यंत्र यांत बहुधा पायरेथ्रॉइड कीटकनाशके असतात आणि ती कोळंबीला, खेकड्याला मारतात. धुराचे यंत्र येणार असल्याचे कळताच खिडक्या बंद कराव्यात, स्किमर थांबवावा आणि सम्पमधला कार्बन बदलावा. शेतातून फवारणी करून आलेल्या माणसाने, कितीही हात धुतले असले तरी, त्या दिवशी टाकीत हात घालू नये.

लग्नसराईत चार दिवस घर बंद राहणार असेल तर शेजाऱ्यांकडे खाद्याच्या मोजून केलेल्या पुड्या द्याव्यात आणि डबा कुलपात ठेवावा, कारण प्रेमाने टाकलेले जास्तीचे खाद्य माशांना न मिळता कुजते. काचेवर एक कागद चिकटवावा: तापमान २८ च्या वर गेले तर कोणता पंखा लावायचा, लाइट गेली तर कोणता पंप इन्व्हर्टरवर आहे, गोठलेल्या बाटल्या फ्रीझरच्या कोणत्या कप्प्यात आहेत, आणि पाणी फरशीवर आले तर कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा. तो व्हॉल्व्ह लाल रंगाने रंगवून ठेवावा.